व्योशेन्स्काया: स्टेपमधील एका गावाचा इतिहास आणि कादंबरीचा नकाशा

१

कादंबरीतील गावाविषयी लिहिताना आपली समीक्षा ‘पार्श्वभूमी’ हा शब्द फार सहजपणे वापरते. ‘प्रादेशिक कादंबरी’ ही संज्ञा मराठीत रूढ झाल्यापासून तर प्रदेशाचे वर्णन, बोलीचा वापर आणि लोकजीवनाचे तपशील यांची नोंद केली की कादंबरीतील भूगोलाचा विचार झाला, असे मानण्याकडे कल दिसतो. इतिहासाच्या बाबतीतही असेच घडते. कादंबरीत ऐतिहासिक घटना आल्या की तिचे ‘दस्तऐवजी मूल्य’ मान्य केले जाते आणि समीक्षक कलामूल्याकडे वळतो. या दोन्ही भूमिकांमागे एक समान गृहीतक आहे. ते असे, की गाव हे संहितेच्या बाहेर, तिच्या आधी, पूर्णपणे अस्तित्वात असते आणि कादंबरी त्यातून आपल्याला हवे तेवढे उचलते.

हे गृहीतक तपासून पाहण्यासाठी दक्षिण रशियातील व्योशेन्स्काया या गावाचे उदाहरण विशेष उपयुक्त आहे. मिखाईल शोलोखोव्हने १९२६ पासून १९८४ मधील आपल्या मृत्यूपर्यंतचा बहुतेक काळ या गावात काढला. ज्या कादंबरीसाठी त्याला १९६५ चे नोबेल पारितोषिक मिळाले, ती याच परिसरात घडते. या गावाच्या संदर्भात कादंबरी ही इतिहासाची केवळ वापरकर्ती राहिलेली नाही. एका मोठ्या कालखंडात ती या गावाच्या इतिहासाची जवळजवळ एकमेव उघड नोंद होती. आणि ज्या ठिकाणी तिचा लेखक कादंबरी लिहायचे नाकारतो, तिथे या गावाचा इतिहास सरकारी कपाटात जाऊन पडतो. या दोन गोष्टींचा एकत्रित विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२

प्रथम भूगोल. डॉन नदी मध्य रशियातील तुला प्रांतात उगम पावते आणि सुमारे १,८७० किलोमीटरचा प्रवास करून अझोव्हच्या समुद्राला मिळते. आपल्या मध्यभागी ती पूर्वेकडे एक मोठे वळण घेते. या वळणाच्या वाटेवर कझान्स्काया, मिगुलिन्स्काया, व्योशेन्स्काया, येलान्स्काया अशी कॉसॅकांची जुनी गावे ओळीने येतात. या प्रदेशाला ‘वरचे डॉन’ म्हणतात. आजच्या प्रशासकीय भाषेत हा रोस्तोव प्रांताचा उत्तरेकडील भाग होय.

या पट्ट्यात नदीचे दोन काठ म्हणजे जणू दोन वेगवेगळे प्रदेश आहेत. उजवा काठ उंच असून खडूच्या खडकाचा आहे. पांढऱ्या टेकड्या थेट पाण्यावर उतरतात, आणि त्यांच्यामागे काळ्या मातीची मोकळी, झाडे नसलेली स्टेप पसरते. डावा काठ सखल आहे. तिथे आधी वसंतातील पुरात बुडणारी गवताची कुरणे, मग वृक्षांची पट्टी आणि त्यामागे मैलोगणती वाळू लागते. व्योशेन्स्काया याच वाळूच्या काठावर वसले आहे. गुरांच्या चराईने आणि वृक्षतोडीने एकदा वरचे गवत नाहीसे झाले की ही वाळू वाऱ्यावर चालू लागते व शेते गिळते. तिला थोपविण्यासाठी इथे पाइन वृक्षांची लागवड करण्यात आली. आज गावाभोवती दिसणारी पाइनची रांग ही मूळची निसर्गरचना नाही, तर वाळूविरुद्धच्या एका दीर्घ झगड्याची खूण आहे.

या रचनेतून इथले अर्थकारण ठरले. नदीत मासळी, पूरमैदानात चारा, उजव्या काठावरील स्टेपमध्ये गहू, आणि वाळूवर जवळजवळ काहीच नाही, असा हा हिशेब होता. गावापर्यंत रेल्वे कधी आली नाही. मिलेरोवो हे स्थानक शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे. गाडीत भरलेले धान्य तिथवर न्यायचे म्हणजे स्टेपमधून काही दिवसांची वाट होती. त्यामुळे वरच्या डॉनचे कॉसॅक खालच्या डॉनवरील आपल्या भाऊबंदांपेक्षा नेहमीच गरीब राहिले, आणि या दोघांत एकमेकांविषयी थट्टेची व तुच्छतेची परंपरा निर्माण झाली. हा वरवर क्षुल्लक वाटणारा भेद पुढे १९१९ साली निर्णायक ठरला.

येथे एका भाषिक मुद्द्याचीही नोंद करायला हवी. मराठीत नदी स्त्रीलिंगी आणि आई असते. रशियनमध्ये ‘डॉन’ हे नाव पुल्लिंगी आहे, आणि कॉसॅक लोकगीतांत तो बाप आहे. त्याला ‘डॉन इवानोविच’ असे पितृनामासह संबोधले जाते. शोलोखोव्हच्या कादंबरीच्या मूळ नावात अवघे दोन शब्द आहेत आणि त्यांचा अर्थ ‘शांत डॉन’ एवढाच होतो. त्यातले ‘शांत’ हे विशेषण लोकगीतांतून आलेले परंपरागत विशेषण आहे. इंग्रजी अनुवादाच्या नावातून ध्वनित होणारी संथ प्रवाहाची रम्य प्रतिमा मूळ नावात नाही. तिथे आहे तो एका वडीलधाऱ्या, मौन पुरुषाचा उल्लेख.

३

गावाचा इतिहास नकारातून सुरू होतो. सोळाव्या शतकात मॉस्कोच्या राज्यातून पळालेली कुळे, शिपाई, कर्जबाजारी माणसे डॉनच्या काठी जमू लागली. इव्हान चौथ्याने १५७० मध्ये डॉनच्या कॉसॅकांना उद्देशून पाठवलेले पत्र हा त्यांच्या इतिहासाचा औपचारिक आरंभ मानला जातो. डॉनवर पोचलेला माणूस परत दिला जात नाही, हा त्यांचा अलिखित कायदा होता. मासेमारी, शिकार, लूट आणि झारकडून मिळणारे वार्षिक धान्य यांवर ते जगत. नांगर धरला की माणूस पुन्हा कूळ होतो, अशी त्यांची धारणा होती आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस कॉसॅक सेनेने काही भागांत नांगरणीवर बंदीही घातली होती. पुढे ज्यांची ओळखच ‘धान्य पिकवणारे’ अशी झाली, त्यांच्या पूर्वजांनी शेतीला गुलामीचे लक्षण मानले होते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पीटर द ग्रेटने पळालेल्या कुळांना परत मागितले तेव्हा १७०७ मध्ये बुलाविनच्या नेतृत्वाखाली बंड झाले. १७०८ मध्ये ते मोडून काढताना झारच्या फौजांनी वरच्या डॉनवरील अनेक वस्त्या जाळून टाकल्या. व्योशेन्स्कायाच्या परंपरेत चिगोनात्स्काया या वस्तीचे नाव येते. ती उद्ध्वस्त झाल्यावर आजचे गाव उभे राहिले, असे सांगितले जाते, आणि शोलोखोव्हनेही कादंबरीत या उत्पत्तिकथेला स्थान दिले आहे. म्हणजे गावाच्या स्मृतीतील पहिली घटना ही गावाचा विनाश हीच आहे.

यानंतरच्या दीड शतकात हे बंडखोर साम्राज्याचे सैनिक झाले. ‘स्तनित्सा’ हे लष्करी-प्रशासकीय केंद्र आणि तिच्या हद्दीतील लहान वस्त्या म्हणजे ‘खुतोर’, अशी रचना पक्की झाली. १८३५ च्या कायद्याने प्रत्येक कॉसॅक पुरुषामागे ३० देस्यातिना, म्हणजे सुमारे ८० एकर जमिनीचे प्रमाण ठरवले. मोबदल्यात त्याने स्वतःचा घोडा व स्वतःचा गणवेश घेऊन सेवेला हजर व्हायचे. १८७० च्या दशकातील सुधारणांनंतर ही बांधिलकी वीस वर्षांची होती. जमीन सामूहिक मालकीची असे आणि ठरावीक काळाने तिचे फेरवाटप होई. लोकसंख्या वाढली तसा प्रत्यक्ष हिस्सा घटत गेला, घोड्याची किंमत मात्र घटली नाही.

या व्यवस्थेच्या बाहेर ‘इनोगोरोद्नी’, म्हणजे ‘परगावचे’, असा एक मोठा वर्ग होता. विसाव्या शतकाच्या आरंभी डॉन प्रांताची सुमारे निम्मी लोकसंख्या बिगर-कॉसॅक होती. त्यांना जमिनीचा हिस्सा नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहूनही ते परगावचेच राहिले. शोलोखोव्हचा जन्म १९०५ मध्ये व्योशेन्स्कायाच्या हद्दीतील क्रुझीलिन या खुतोरात झाला, पण तो कॉसॅक नव्हता. वडील र्‍याझान प्रांतातून आलेल्या व्यापारी घराण्यातले, आई युक्रेनी शेतकरी कुटुंबातली. तिचे आधीचे लग्न एका कॉसॅकाशी झालेले असल्यामुळे आईवडिलांचा विवाह विधिवत होईपर्यंत मुलगा कागदोपत्री कॉसॅकाचा मानला गेला, आणि विवाह होताच तो ‘परगावचा’ झाला. कॉसॅक जीवनाचा सर्वांत मोठा कथाकार त्या जीवनाच्या उंबरठ्यावर वाढला. त्याची तपशिलावरची पकड आणि त्याने पात्रांपासून राखलेले अंतर या दोन्हींचा उगम इथे शोधता येतो.

रशियन साहित्यातील स्टेपच्या चित्रणाची परंपराही येथे आठवावी. गोगोलच्या ‘तारास बुल्बा’त (१८३५) स्टेप हे वीरकथेचे रंगमंच आहे. चेखॉव्हच्या ‘स्टेप’ (१८८८) या दीर्घकथेत ती गाडीतून जाणाऱ्या एका मुलाला दिसते. टॉलस्टॉयच्या ‘कॉसॅक’मध्ये (१८६३) तेरेक नदीवरील गाव मॉस्कोहून आलेल्या उमरावाच्या नजरेतून उलगडते. तिघांचीही नजर, कितीही जिव्हाळ्याची असली तरी, बाहेरून येणाऱ्याची किंवा जाणाऱ्याची आहे. शोलोखोव्हच्या कादंबरीत प्रथमच स्टेप ही जिथे नांगर अडकतो, वैरण कापली जाते आणि प्रेते पुरली जातात अशी जमीन होते.

४

१९१९ साल हे या गावाच्या इतिहासाचे केंद्र आहे. यादवी युद्धात वरच्या डॉनच्या तुकड्या युद्धाला कंटाळल्या होत्या. जानेवारी १९१९ मध्ये त्यांनी आघाडी सोडली, बोल्शेविकांशी समझोता केला आणि त्या घरी परतल्या. खालच्या डॉनच्या श्रीमंतांसाठी आपण का मरावे, हा प्रश्न या निर्णयामागे होता. परंतु २४ जानेवारी १९१९ रोजी बोल्शेविक पक्षाच्या केंद्रीय संघटन मंडळाने एक गुप्त परिपत्रक काढले. श्रीमंत कॉसॅकांचा सरसकट संहार, सोव्हिएत सत्तेविरुद्धच्या लढ्यात भाग घेतलेल्या सर्वांवर निर्दय दहशत, धान्याची जप्ती आणि नि:शस्त्रीकरण असे त्याचे स्वरूप होते. ज्यांनी आधी विश्वास टाकला, त्यांच्याच गावात आधी गोळ्या चालल्या.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात कझान्स्काया, मिगुलिन्स्काया आणि व्योशेन्स्काया येथे उठाव झाला. त्याचे नेतृत्व पावेल कुदिनोव्हकडे आले, आणि त्याची घोषणा सोव्हिएत सत्तेविरुद्ध नव्हती. सोव्हिएत हवेत, पण कम्युनिस्टांविना, अशी ती होती. १६ मार्चला केंद्रीय समितीने परिपत्रकाची अंमलबजावणी थांबवली, पण उशीर झाला होता. सुमारे तीस हजार बंडखोर काही महिने चहूबाजूंनी वेढलेल्या अवस्थेत लढत राहिले. मेअखेर त्यांनी कुटुंबे, गुरे यांसह उजवा काठ सोडला आणि डाव्या काठाच्या वाळूत खंदक खणले. पांढऱ्या टेकड्यांवरून लाल सैन्याच्या तोफा मारा करीत होत्या, मधे डॉन होती. ज्या वाळूने गावाला गरीब ठेवले, तिनेच या वेळी त्याला आसरा दिला. जूनमध्ये श्वेत सैन्याचे घोडदळ येऊन मिळाले आणि उठावाचे स्वतंत्र अस्तित्व संपले.

सोव्हिएत इतिहासलेखनात हा उठाव प्रतिक्रांतीचा एक प्रसंग म्हणून उरकला जाई. त्याची कारणे, त्यातली माणसे, त्या आधीच्या हत्या यांविषयी जे काही सोव्हिएत वाचकाला दशकानुदशके वाचता आले, ते मुख्यतः शोलोखोव्हच्या कादंबरीच्या तिसऱ्या खंडात. या खंडाचे प्रकाशन ‘अक्त्याब्र’ मासिकात १९२९ मध्ये मधेच थांबले आणि १९३२ मध्येच पुढे सुरू होऊ शकले, यावरून त्या मजकुराचे वजन लक्षात येते.

हे कसे शक्य झाले? याचे एक उत्तर कादंबरीच्या नकाशात आहे. या कादंबरीतील व्योशेन्स्काया, कार्गिन्स्काया, बाझ्की, मिलेरोवो ही सर्व ठिकाणे खरी आहेत. कुदिनोव्ह, फोमीन ही माणसेही खऱ्या नावांनी वावरतात. परंतु ज्या खुतोरात मेलेखोव्ह कुटुंब राहते तो तातार्स्की खुतोर कोणत्याही नकाशावर नाही. स्थानिक लोक आज कालिनिन्स्की या खुतोराकडे बोट दाखवतात, पण तो उत्तरकालीन शोध आहे. खऱ्या गावांच्या दाट जाळ्यात मध्यभागी एकच काल्पनिक गाव ठेवले आहे, आणि सर्व खऱ्या गावांत घडलेले तिथे घडू शकते. ही काल्पनिकता वास्तवापासून पळण्यासाठी नाही. ती साक्षीदारांची नावे झाकण्यासाठी केलेली सोय आहे.

साक्षीदार झाकण्याची गरज किती खरी होती याचा पुरावा एका पत्रात आहे. खार्लाम्पी येर्माकोव्ह हा व्योशेन्स्कायाच्या हद्दीतील एका खुतोराचा कॉसॅक. त्याने १९१९ च्या उठावात एका डिव्हिजनचे नेतृत्व केले, नंतर तो लाल घोडदळातही लढला. ग्रिगोरी मेलेखोव्हचा तो मुख्य नमुना मानला जातो. ६ एप्रिल १९२६ रोजी शोलोखोव्हने त्याला पत्र लिहून १९१९ च्या काळाविषयी, वरच्या डॉनवरील उठावाच्या तपशिलांविषयी माहिती मागितली. हे पत्र आज उपलब्ध आहे ते येर्माकोव्हच्या घरातल्या पेटीतून नव्हे, तर गुप्त पोलिसांच्या फाइलीतून. येर्माकोव्हला जून १९२७ मध्ये गोळ्या घालण्यात आल्या. कादंबरीचे पहिले प्रकरण जानेवारी १९२८ मध्ये छापले गेले. येर्माकोव्हचे कायदेशीर पुनर्वसन १९८९ मध्ये झाले. म्हणजे जवळजवळ सहा दशके खरा माणूस गुन्हेगार होता आणि त्याच्यावरून घेतलेले पात्र शाळा-महाविद्यालयांत शिकवले जात होते. ‘पार्श्वभूमी’ या शब्दात हे नाते मावत नाही.

५

आता या नकाशाची दुसरी बाजू पाहू. शोलोखोव्हची दुसरी मोठी कादंबरी, ‘नांगरलेली पडीक जमीन’ अशा अर्थाचे नाव असलेली, सामूहिक शेतीच्या आरंभाविषयी आहे. पहिला खंड १९३२ मध्ये, दुसरा १९५९-६० मध्ये प्रसिद्ध झाला. इथेही ग्रेम्याची लोग हा काल्पनिक खुतोर खऱ्या डॉनवर बसवला आहे. कथानक जानेवारी १९३० मध्ये सुरू होते आणि त्याच वर्षीच्या शरद ऋतूत संपते. दोन खंडांच्या प्रकाशनात पाव शतकाहून अधिक अंतर आहे, पण कथेतील काळ त्या एका वर्षाच्या कुंपणाबाहेर पाऊल टाकत नाही.

कुंपणाबाहेर काय होते? १९३२-३३ च्या हिवाळ्यात धान्याची सक्तीची वसुली पुरी करण्यासाठी व्योशेन्स्काया जिल्ह्यात जे घडले, त्याचे सविस्तर वर्णन शोलोखोव्हनेच केले आहे. मात्र ते कादंबरीत नाही, ४ एप्रिल १९३३ रोजी स्टालिनला लिहिलेल्या दीर्घ पत्रात आहे. बायका-मुलांना बर्फात घराबाहेर काढणे, थंडीत उघडे उभे करून चौकशी करणे, मारहाण, गोळी घालण्याचे खोटे नाटक, आणि या सर्वांनंतर उपासमार, असे तपशील त्यात ठिकाणांसह येतात. या पत्रातच तो एक विलक्षण गोष्ट सांगतो: अशा सामग्रीवर आपल्या कादंबरीचे शेवटचे पुस्तक लिहिण्यापेक्षा तुम्हाला पत्र लिहिणे बरे, असे मी ठरवले.

साहित्यविचाराच्या दृष्टीने हे वाक्य कसोटीचे आहे. एका लेखकासमोर एकच सामग्री आहे आणि तो दोन लेखनप्रकारांमध्ये निवड करीत आहे. कादंबरी लिहिली तर ती छापली जाणार नाही, आणि माणसे तोवर मरतील. पत्र लिहिले तर कदाचित धान्य येईल. धान्य आले. व्योशेन्स्काया जिल्ह्यासाठी एकूण १,२०,००० पूड राय, म्हणजे सुमारे दोन हजार टन, आणि शेजारच्या वरच्या डॉन जिल्ह्यासाठी ४०,००० पूड मंजूर झाले. मात्र ६ मेच्या उत्तरात स्टालिनने शोलोखोव्हची दृष्टी एकांगी ठरवली. हे प्रतिष्ठित धान्यकरी सोव्हिएत सत्तेविरुद्ध ‘शांत’ युद्ध करीत होते, असे त्याने बजावले. ज्या विशेषणाने लोकगीतांनी नदीला गौरवले, तेच विशेषण इथे काठावरच्या माणसांवर आरोप म्हणून आले. तो योगायोग होता की वाचलेल्या कादंबरीचा प्रतिध्वनी, हे ठरवण्याची गरज नाही. संहितेत ते तसे आहे.

पत्राने जीव वाचवले, हे निर्विवाद. पण त्या निवडीची किंमतही होती. १९१९ ला कादंबरी मिळाली, १९३३ ला मिळाली नाही. ख्रुश्चेव्हने १९६३ मध्ये या पत्रव्यवहाराचा जाहीर उल्लेख केला, तरी संपूर्ण मजकूर वाचकांपुढे आला तो १९९० च्या दशकात. त्या भुकेल्या माणसांपैकी कोणी ग्रिगोरी किंवा अक्सीन्या झाले नाही.

६

बाख्तिनने १९३७-३८ मध्ये लिहिलेल्या आणि १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात क्रोनोटोप, म्हणजेच कालावकाश, ही संकल्पना मांडली. कादंबरीत काळ स्थळाच्या रूपाने दृश्य होतो आणि स्थळ काळाने भारले जाते, असा तिचा आशय. या विवेचनाचा आपल्याकडे बराच स्वीकार झाला आहे. पण व्योशेन्स्कायाच्या उदाहरणावरून तिला एक पुरवणी जोडावी लागते. कालावकाशाला एक सीमाही असते आणि ती नेहमी सौंदर्यदृष्टीने ठरत नाही. ग्रेम्याची लोगचा काळ १९३० मध्ये थांबतो तो रचनेच्या गरजेमुळे नव्हे, तर त्यापुढची जमीन छापता येण्याजोगी नव्हती म्हणून. संहिता वाचताना तिची शेवटची तारीखही वाचली पाहिजे.

यातून ‘तिखी डॉन’च्या कर्तृत्वाविषयीच्या जुन्या वादाकडेही वेगळ्या दृष्टीने पाहता येते. १९७४ मध्ये पॅरिसमध्ये सोल्झेनित्सिनच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाने हा वाद पुन्हा पेटवला. १९८४ मध्ये नॉर्वेच्या गेइर ख्येत्सो व सहकाऱ्यांनी संख्याशास्त्रीय पद्धतीने शोलोखोव्हच्या बाजूने निष्कर्ष काढला, आणि १९९९ मध्ये मॉस्कोच्या जागतिक साहित्य संस्थेने पहिल्या खंडांची हस्तलिखिते मिळवली. वाद पूर्णपणे विझला नाही. मात्र दोन्ही पक्षांनी एकच प्रश्न विचारला: इतकी माहिती एका तरुण ‘परगावच्या’ला कशी? येर्माकोव्हला लिहिलेले पत्र या प्रश्नाचे उत्तर देते. ती माहिती गावाने दिली, आणि देणाऱ्यांपैकी अनेकांनी तिची किंमत मोजली.

जुलै १९४२ मध्ये जर्मन विमानांनी व्योशेन्स्कायावर बाँब टाकले. त्यात शोलोखोव्हची आई मारली गेली. युद्धाच्या धामधुमीत त्याच्या कागदपत्रांचा मोठा भागही नष्ट झाला. १९८४ मध्ये तो स्वतः गेला, त्याला घराच्या आवारात, डॉनच्या उंच काठावर पुरले. त्याच वर्षी वस्तुसंग्रहालय स्थापन झाले आणि व्योशेन्स्काया जिल्ह्याला शोलोखोव्ह जिल्हा असे नाव देण्यात आले. दहा हजारांच्या आतली वस्ती असलेले हे गाव आज आपल्या पाहुण्यांना कादंबरीतील ठिकाणे दाखवते. गावाने कादंबरीला नावे दिली होती, आता कादंबरीच्या लेखकाने गावाच्या प्रदेशाला नाव दिले आहे.

हा गौरव म्हणता येईल, पण समीक्षेने इथेच थांबणे सोयीचे नाही. एका गावाचा इतिहास एका लेखकाच्या नावाखाली आला की त्या लेखकाने जे लिहिले ते दिसते, आणि जे त्याने पत्रात लिहिले किंवा लिहिलेच नाही ते त्याच नावाच्या सावलीत जाते. येर्माकोव्हची फाइल, १९३३ ची पत्रे आणि दोन कादंबऱ्या हे चार दस्तऐवज शेजारी ठेवले तरच व्योशेन्स्काया वाचता येते. यांपैकी कोणताही एक दुसऱ्याची पार्श्वभूमी नाही. मराठीतील गावांच्या कादंबऱ्या वाचतानाही हा प्रश्न विचारण्याजोगा आहे: कादंबरीच्या नकाशावर कोणते गाव काल्पनिक आहे, ते कोणाला झाकते, आणि तिचा काळ कोणत्या वर्षाच्या अलीकडे येऊन थांबतो?